अर्धा की एक

चष्मेवालीने वही समोर ठेवली तेव्हा सर लाल पेनाचं टोपण काढत होते. पहिल्या चार ओळींवरून नजर फिरली आणि टोपण हातातून निसटून बाकाखाली गडगडत गेलं. तसं वहीत भयंकर काहीच नव्हतं. पितळी दंडगोलाची घनता: दर घन सेंटिमीटरला ७.९ ग्रॅम, अधिक-उणे ०.५. खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा, आणि त्यांच्याखाली मोत्यासारख्या अक्षरात: 'पुस्तकातील किंमत ८.४ आहे. म्हणून उत्तर त्रुटीच्या मर्यादेत बरोबर आहे.' असली वाक्यं सरांनी अठ्ठावीस वर्षांत हजारांनी वाचली होती. महाविद्यालयात आलेल्या नव्या पोरांचा हा पहिलाच प्रयोग. पितळेचा बोटभर तुकडा घ्यायचा, कॅलिपरने त्याचा व्यास आणि उंची मोजायची, तराजूवर वजन करायचं, भागाकार करायचा. मग खरी गोम. या मापांत चूक किती असू शकते ते स्वतःच ठरवायचं आणि उत्तरापुढे प्रामाणिकपणे लिहायचं. पोरं भागाकारापर्यंत सुतासारखी सरळ असतात आणि त्यापुढे वकील होतात. सरांना त्याची इतकी सवय होती की ते एरवी मान वर न करता 'पुन्हा' एवढंच म्हणाले असते आणि वही मागे ढकलली असती. आज त्यांना 'पुन्हा' म्हणता येईना. तो पाच दशांशाचा आकडा कुठून आला हे त्यांना विचारण्याआधीच कळलं होतं, आणि ते कळण्याची जी जागा होती ती गणिताची नव्हती.

"चूक एवढी कशी धरलीस?" त्यांनी विचारलं.

"कॅलिपर पाच शतांश सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो असं धरलं, सर."

"कॅलिपर एक शतांशापर्यंत दाखवतो. मग पाच का?"

चष्मेवालीने शेजारच्या बाकाकडे पाहिलं. तिथे सगळे एकदम कामात बुडाले.

"एक धरलं की एक दशांशच येते सर. मग ७.९ आणि ८.४ जुळत नाहीत. पाच धरलं की बरोबर टेकतात." मग आपण खरं बोललो आहोत तर पुरतंच बोलावं अशा सुरात ती म्हणाली, "पण सर, चूक थोडी जास्त धरली तर त्यात नुकसान कुणाचं आहे? कमी धरणं वाईट. जास्त धरणं म्हणजे उलट सावधपणाच ना?"

सर टोपण शोधायला वाकले आणि बाकाखाली गरजेपेक्षा जास्त वेळ राहिले. तिथे धूळ होती, कुणाचं तरी खोडरबर होतं, आणि बाकाच्या आतल्या अंगाला कधी काळी कुणीतरी चिकटवलेला कागद होता. सहा आठवड्यांपूर्वी त्यांनीही नेमके हेच शब्द बोलून दाखवले होते. जास्त धरणं म्हणजे सावधपणाच. घरात, जेवणाच्या टेबलाशी, बायकोसमोर. तपासणीच्या मोठ्या खाकी पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे मांडत.

बायकोचा खोकला जाता जात नव्हता म्हणून छातीचा फोटो काढला, फोटोत काही दिसतंय म्हणून मोठ्या यंत्रातली तपासणी केली, आणि उजव्या फुप्फुसात एक गाठ निघाली. नऊ मिलिमीटर. एवढी लहान गाठ बहुतेक वेळा काही नसते, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ते तीन महिने सरांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. घास तोंडात फिरायचा. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता पुढची पायरी विसरायची. तीन महिन्यांनी दुसरी तपासणी झाली आणि गाठ अकरा मिलिमीटर भरली. डॉक्टरीणबाई सरळ माणूस होत्या. "मोजण्यात थोडा फरक पडतोच," त्या म्हणाल्या, "पण माझं मत विचाराल तर सुईने तुकडा काढून तपासून घ्यावा." बायकोने सरांकडे पाहिलं. सरांनी डॉक्टरीणबाईंना असा प्रश्न विचारला जो त्या खोलीत त्यांच्याआधी बहुधा कुणी विचारला नसेल. थोडा म्हणजे किती? त्या म्हणाल्या, "अर्धा मिलिमीटर धरा. फार तर एक." त्या 'फार तर'चा सरांनी जो हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. रस्ताभर ते डोक्यात बेरजा-वजाबाक्या करत होते. एक धरला, तर पहिली गाठ आठ ते दहा. दुसरी दहा ते बारा. दहावर दोन्ही टेकतात. अर्धा धरला तर टेकत नाहीत, मध्ये अख्ख्या मिलिमीटरची फट राहते. अर्धा की एक, अर्धा की एक, असं पावलागणिक चाललं होतं, आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी त्यांच्या लक्षात आलं की आपण मोजत नाही आहोत, घासाघीस करतो आहोत. लक्षात आलं तरी ते थांबले नाहीत. घरी येऊन त्यांनी पाकिटावर एक हा आकडा लिहिला आणि बायकोला पाचवीतल्या पोराला समजावावं तसं समजावलं. हे बघ, दोन्ही मापं एकमेकांना टेकतात. म्हणजे गाठ वाढली असं सिद्ध होत नाही. मी मुद्दाम चूक जास्त धरली आहे, सावधपणा म्हणून. उगाच छातीत सुया कशाला खुपसून घ्यायच्या, आणखी तीन महिने थांबू. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमचं कामच ते. तुम्ही म्हणता तसं करू." दुसऱ्या दिवशी सरांनी दवाखान्यात फोन करून तसं कळवलं. "तुमचा निर्णय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मी सुचवलं होतं हे मी लिहून ठेवते." सरांना त्याचा रागही आला होता. त्या दिवशी त्यांना चार महिन्यांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली.

"सर, सापडलं का?" वरून चष्मेवालीने विचारलं.

सर गुडघ्याला हात देऊन उठले. टोपण खिशात टाकलं. प्रयोगशाळेत नेहमीचा आवाज होता, वजनं खाली ठेवल्याचा, स्टुलं सरकल्याचा, दबक्या हसण्याचा. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसत होती, तिच्यावर वरपासून खालपर्यंत गेलेले नळ. एक पोरगा आपलं उत्तर शेजाऱ्याच्या उत्तरावरून दुरुस्त करत होता आणि सर बघत आहेत हे दिसताच त्याने खोकल्याची उबळ आणली. सरांना काहीतरी ओरडावंसं वाटलं. सगळ्यांवर, एकदम. लबाडांनो, तुम्हाला कुणी शिकवलं हे? आणि त्याबरोबरच उत्तरही आलं की मीच शिकवलं असणार. शब्दाने नसेल, पण अठ्ठावीस वर्षं ८.४ च्या शेजारी पडणाऱ्या उत्तराला दहापैकी नऊ देऊन आणि लांब पडणाऱ्याला 'पुन्हा' म्हणून मीच यांना दाखवून दिलं असणार की सरांना काय आवडतं. पोरं माणसं ओळखण्यात पुस्तकापेक्षा हुशार असतात. बायकोचंही तेच म्हणणं असतं. ती घरी लोकांचे कपडे शिवते. मापं देताना बहुतेक लोक पोट आत घेतात आणि श्वास धरून सरळ उभे राहतात, बाया आणि पुरुष दोघेही, त्यात डावं-उजवं नाही. ती काही बोलत नाही. टेप म्हणते तेवढं वहीत लिहिते, आणि कापताना माणूस आठवून कापते. ते ऐकून सर एकदा खूप हसले होते आणि म्हणाले होते, हे माझ्या वर्गात चालायचं नाही, माझ्याकडे टेप म्हणते तेच खरं.

"तो कॅलिपर आण," ते चष्मेवालीला म्हणाले.

तिने आणला. सरांनी दोन्ही जबडे मिटले आणि उजेडाकडे धरून डोळा बारीक केला. मिटलेल्या कॅलिपरने शून्य दाखवायला हवं. तो पाच शतांश दाखवत होता. दोन जबड्यांत काही नसताना काहीतरी आहे असं तो सांगत होता.

"बघ," ते म्हणाले. "याचं शून्यच सरकलेलं आहे. तू घेतलेल्या प्रत्येक मापात पाच शतांश जास्तीचे आलेत. वजा कर."

चष्मेवालीने चष्मा वर ढकलून पाहिलं, मग घाईघाईने वहीच्या कोपऱ्यात गणित मांडलं. एक पूर्णांक नव्वदचा व्यास एक पूर्णांक पंच्याऐंशी झाला, चारची उंची तीन पूर्णांक पंच्याण्णव. वजन तेच, एकोणनव्वद ग्रॅम आणि वर दोन दशांश. तिचे ओठ हलत होते. "आठ पूर्णांक चार," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खुलला. "म्हणजे माझा हात चुकत नव्हता?"

"हात नव्हता चुकत."

कपाटाशी तराजूच्या काचा पुसत असलेले शिपाई मामा तिथूनच म्हणाले, "त्या कॅलिपरचं मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं सर. पडला तेव्हापासून त्याचं डोकं फिरलंय. तुम्ही म्हणालात, राहू दे, पोरांची परीक्षा होईल त्याने." मामा सरांच्या आधीपासून या प्रयोगशाळेत होते, आणि सरांचं बोलणं सरांच्या तोंडावर परत करण्याचा हक्क तेवढ्यावर त्यांनी कमावला होता.

चष्मेवाली वहीकडे बघत उभीच होती. काहीतरी तिच्या डोक्यात जुळत होतं आणि ते जुळून होईपर्यंत ती हलणार नव्हती. "सर," ती म्हणाली, "मी चूक वाढवून घेतली नसती, तर उत्तर जुळलं नसतं. आणि जुळलं नसतं, तर मला शोधावं लागलं असतं ना, कुठे बिघडलंय ते?"

"हो."

"आणि जुळवून घेतल्यावर मी शोधायचं सोडलं."

"हो," सर म्हणाले. "तू विचारलंस ना, नुकसान कुणाचं. हेच ते नुकसान." त्यांना तिच्या वहीवर सही करायची होती, पण पेन टेकवून ते तसेच थांबले. शाईचा एक ठिपका कागदावर पसरत गेला. ती वाट बघत होती. शेवटी त्यांनी सही केली आणि वही दिली, आणि ती जाता जाता दुसऱ्या मुलीच्या कानात म्हणाली तेही त्यांना ऐकू आलं, "सरांना बरं नाहीये बहुतेक."

तास संपला. पोरं गेली. मामांनी पितळी तुकडे मोजून डब्यात ठेवले आणि किल्ल्या वाजवत बाहेर जाऊन बसले. सर फळ्यासमोर उभे राहिले. अर्धा खडू घेऊन त्यांनी लिहिलं: अकरा भागिले नऊ. मग त्यावर तीनचा घात. दरवर्षी ते घसा फोडून सांगतात की व्यासाचा वर्ग होतो, म्हणून व्यासातला लहानसा फरक दुप्पट होऊन बसतो, तिकडे डोळ्यांत तेल घालून बघा. आणि गाठ तर गोळा होती. गोळ्याला वर्ग नाही, घन. हे त्यांनी पाकिटावर मांडलं नव्हतं. विसरले नव्हते, मांडलं नव्हतं. तेराशे एकतीस भागिले सातशे एकोणतीस. एक पूर्णांक त्र्याऐंशी शतांश. तीन महिन्यांत गाठ पावणेदोनपटीच्याही वर गेली होती. लगेच त्यांच्या आतला वकील उठून उभा राहिला: घन केला तर त्रुटीही तिप्पट होते, टेकणारी मापं टेकलेलीच राहतात, सिद्ध काहीच होत नाही. हे खरंच होतं. गणितात त्याला तोड नव्हती. सर फळ्याला टेकले आणि त्यांना स्वतःची किळस आली. सिद्ध करायचं कुणाला होतं? डॉक्टरीणबाईंनी सिद्ध झालंय असं म्हटलंच नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, बघून घेऊ. आणि सरांनी ते बघू दिलं नव्हतं. त्यांना कळून घ्यायचंच नव्हतं, आणि ते न कळणं त्यांनी शास्त्राच्या भाषेत लिहून बायकोच्या हातात दिलं होतं. गंमत अशी की एकदा लिहिल्यावर तो एकचा आकडा त्यांना खरा वाटायला लागला होता. आठवड्याभरात ते विसरून गेले होते की तिथे अर्धाही लिहिता आला असता. माणूस दुसऱ्याला फसवतो तेव्हा निदान त्याला माहीत असतं. सहा आठवडे. बेचाळीस दिवस. डोक्यात पुन्हा गुणाकार सुरू झाला, बेचाळीस दिवसांत किती, आणि त्यांनी फडकं घेऊन फळा पुसला, दोनदा पुसला, तरी खडूची पांढुरकी सावली राहिलीच.

घर तीन थांबे लांब होतं. ते चालत निघाले. चालताना काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते आणि प्रत्येक वाक्य मांडून झाल्यावर त्यात स्वतःला किती सूट दिली आहे ते त्यांना दिसत होतं. 'मला वाटतं आपण पुन्हा एकदा विचार करावा.' यात विचार न केल्याचा दोष दोघांचा. 'नवीन पद्धतीने हिशेब केला तर.' पद्धत जुनीच होती. 'डॉक्टरांचं ऐकायला हवं होतं.' कुणी ऐकायला हवं होतं? फुटपाथवरून एक म्हातारा काठीने अंदाज घेत उतरत होता, सरांनी त्याच्या कोपराला हात दिला, तर तो वैतागून म्हणाला, "मला जमतं." सरांनी हात काढून घेतला. जिना चढताना वरच्या मजल्यावरून शिवणयंत्राचा आवाज येत होता. तो आवाज मध्ये थांबला, आणि खोकला आला, कोरडा, तीन वेळा, आणि पुन्हा यंत्र सुरू झालं. हा खोकला ते रोज ऐकत होते. सहा आठवडे त्यांनी त्याला हवा, धूळ, कापडाचे तंतू अशी नावं दिली होती.

ती खिडकीशी बसली होती. मांडीवर निळ्या कापडाचा ढीग. "आज लवकर?" ती म्हणाली.

सर चपला न काढताच तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले. तिने त्या चपलांकडे पाहिलं आणि यंत्रावरचा पाय काढला.

"मी तुझ्याशी खोटं बोललो," ते म्हणाले. "गाठीच्या बाबतीत. डॉक्टरांनी मोजण्यातली चूक अर्धा मिलिमीटर सांगितली होती. एक हा फार तर होता. मी एक घेतला, कारण अर्धा घेतला असता तर ती वाढली आहे असं म्हणावं लागलं असतं. सावधपणा वगैरे काही नव्हतं त्यात. मी घाबरलो होतो."

निळ्या कापडातून एक दोरा लोंबत होता, तो तिने दातांनी तोडला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तुम्ही वर्गातल्या आवाजात बोलत होतात. घरात तुम्ही तसं कधी बोलत नाही हो. घरात तुम्हाला दोन वाक्यं धड जोडता येत नाहीत."

"मग तू बोलली का नाहीस? अगं, तुझ्या जिवाचा प्रश्न होता."

"तुम्ही त्या दिवशी पोटभर जेवलात," ती म्हणाली. "आणि मीही काही फार शहाणी नाही. मलाही वाटलं, असेल हे म्हणतात तसं. दोन दिवस वाटलं. मग नाही वाटलं."

"दोन दिवसांनी तरी सांगायचंस."

"तुमच्याकडे बघून सांगवेना. इतके निवांत दिसायला लागला होतात." तिने कापडाची घडी घातली, मग ती उलगडून पुन्हा घातली. रस्त्यावरून कुणीतरी कुणालातरी हाक मारत गेलं. "किती वाढली असेल हो एवढ्यात?"

सरांच्या डोक्यात आकडे उभे राहिले, ओळीने, शिकवलेल्या पोरांसारखे. त्यांनी एकालाही बोलू दिलं नाही. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही. आणि मला फार भीती वाटते."

तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी राग शोधला, कारण राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. ती उठली, त्यांच्या शेजारून जाऊन टेबलावरचा फोन घेऊन आली, आणि त्यांच्या हातात ठेवला. दवाखाना सहापर्यंत उघडा असतो एवढंच म्हणाली. सरांनी नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. ती परत आपल्या जागेवर बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती, आणि तिकडेच बघत, त्यांना ऐकू जावं असा काही हेतू नसल्यासारखी ती बोलली.

"तुम्हाला इतकी गाढ झोप लागायची," ती म्हणाली. "मी हलवून बघायची कधीकधी. तुम्ही कूस बदलायचात. सहा आठवडे मी एकटीच घाबरत होते."

पलीकडून फोन उचलला गेला. एक बाई "बोला" म्हणाली, मग पुन्हा "बोला" म्हणाली. सरांना बायकोचं नाव सांगायचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं.